दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने जखमी केले, तर भरपाई कशी मागावी? बेळगाव सीमाभागातील कुटुंबांसाठी

पुणे-बंगळूर महामार्गावर निपाणी ते कित्तूर या टप्प्यात, खानापूरमार्गे गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर किंवा गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेल्या चिक्कोडी-रायबागच्या रस्त्यांवर एखाद्या दारू प्यालेल्या चालकाने कुणाला उडवले, की जखमीच्या घरात पहिली भावना उसळते ती त्या चालकाला शिक्षा व्हावी ही. ती रास्तच आहे. मात्र चालकाला शिक्षा होणे आणि जखमीला भरपाई मिळणे या कायद्याच्या दोन स्वतंत्र वाटा आहेत. त्यांची न्यायालये वेगळी, पुराव्याचे निकष वेगळे आणि बहुतेक वेळा पैसे देणाराही वेगळा असतो. पहिल्या वाटेवर लक्ष खिळून राहते आणि दुसरीसाठी लागणारे कागद हातातून निसटतात, असे पुष्कळ घरांत होते. सीमाभागातील मराठी कुटुंबांच्या बाबतीत त्यात आणखी एका अडचणीची भर पडते, ती म्हणजे पोलीस ठाण्यातील जवळजवळ सगळे कागद कन्नडमध्ये असतात आणि त्यांवर सही करणाऱ्याला त्यांत काय लिहिले आहे हे नीट माहीत नसते.

आधी शिक्षेची वाट थोडक्यात पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कुणी जखमी झाल्यास भारतीय न्याय संहितेची बेदरकार वाहन चालवण्याची आणि दुखापतीची कलमे, म्हणजे २८१ आणि १२५, सोबत लागतात. दंडाची रक्कम सहसा सरकारजमा होते, ती जखमीला मिळत नाही. फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला, तरी भरपाईचा दावा आपोआप बुडत नाही, कारण फौजदारी न्यायालयाला संशयापलीकडचा पुरावा लागतो, तर दाव्यात कुणाची बाजू अधिक संभवनीय आहे एवढेच पाहिले जाते. सर्वोच्च न्यायालयाने हा फरक अनेक निकालांत स्पष्ट केला आहे.

चालक प्यालेला होता हे सिद्ध करणारा पुरावा फार लवकर नाहीसा होतो. या गुन्ह्यासाठी पोलिसांनी जागेवर अटक केली, तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी, असे मोटार वाहन कायद्याचे कलम २०२ सांगते. त्यामुळे घटनास्थळी असलेल्या नातेवाइकांनी किंवा गावकऱ्यांनी चालकाला मारहाण करण्यात वेळ घालवण्यापेक्षा ११२ वर फोन करून पोलिसांना बोलवावे आणि चालकाची ब्रेथ ॲनालायझरने किंवा रक्ताची तपासणी करण्याची मागणी लावून धरावी. मारहाणीमुळे उलट गुन्हा दाखल होतो आणि मग तडजोडीसाठी दबाव आणायला समोरच्याला आयते निमित्त मिळते. चाचणी झालीच नाही, तरी सगळे संपले असे समजू नये. चालकाच्या तोंडाला दारूचा वास येत होता, बोलणे अडखळत होते अशी डॉक्टरांची नोंद, गाडीत सापडलेल्या बाटल्यांचा पंचनाम्यातील उल्लेख आणि पाहणाऱ्यांचे जबाब यांनाही दाव्यात वजन असते.

पैसे कोण देतो?

रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक वाहनाला तिसऱ्या व्यक्तीसाठीचा विमा, म्हणजेच थर्ड पार्टी इन्शुरन्स, सक्तीचा आहे. भरपाईची जबाबदारी चालक आणि मालक या दोघांवर असते आणि ती निभावण्याचे काम विमा कंपनीचे असते. इथे दोन गैरसमज हमखास आढळतात. पहिला असा, की चालक दारू प्यालेला होता म्हणून जास्त पैसे मिळतील. तसे होत नाही. भरपाई चालकाच्या अपराधाच्या प्रमाणात मोजली जात नाही, ती जखमीच्या नुकसानीच्या प्रमाणात मोजली जाते. शुद्धीवर असलेल्या चालकाने पाय मोडला काय किंवा प्यालेल्याने मोडला काय, हिशेब तोच राहतो. नशेमुळे चूक कुणाची हे ठरवणे सोपे होते, एवढाच तिचा दाव्याला उपयोग.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे आणि तो विमा कंपनीच्या बाजूनेच पसरवला जातो: चालक दारू प्यालेला असल्यास विमा लागू होत नाही. गाडीच्या मालकापुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी त्याने मागितलेले पैसे कंपनी नाकारू शकते आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात कंपनीची बाजू उचलून धरली. परंतु रस्त्याने चालणाऱ्या माणसाने किंवा दुसऱ्या वाहनातील प्रवाशाने त्या विम्याच्या करारावर सही केलेली नसते, त्या कराराच्या अटी मोडलेल्या नसतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १५० मध्ये दारूच्या अमलाखाली वाहन चालवणे हा मुद्दा कंपनीला बचाव म्हणून मांडता येतो, हे खरे. तो मुद्दा सिद्ध झाला तरी न्यायालये सहसा जखमीला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत. कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि नंतर ते मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश दिला जातो. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२० मध्ये या दुरुस्तीआधीच्या जुन्या कलमाचा अर्थ लावताना ही पद्धत मान्य केली, तर केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये खास दारूच्याच प्रकरणात तसा निकाल दिला. म्हणून दाव्याच्या अर्जात चालक, नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही प्रतिवादी करावे, आणि कंपनीचा बचाव मान्य झाला तरी तिने आधी रक्कम भरून मग वसूल करावी, ही मागणी पर्यायी म्हणून स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी. वकिलांना हे ठाऊक असते. तरीही अर्जात ते आले आहे की नाही, हे दावेदाराने स्वतः विचारावे.

‘गाडी मी कधीच विकली आहे’ असे मालक सांगू लागला, तर घाबरण्याचे कारण नाही. आपल्या भागात कोल्हापूर किंवा गोव्याकडची जुनी गाडी घेऊन वर्षानुवर्षे नावावर न करणे नवीन नाही. परंतु आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले आहे. गाडीचा पूर्ण क्रमांक, केए २२ किंवा २३ असो, एमएच ०९ असो, त्याच दिवशी टिपून ठेवावा आणि ट्रॅक्टर असल्यास ट्रॉलीचाही क्रमांक वेगळा घ्यावा, कारण ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते. क्रमांक मिळाला, की मालक आणि विम्याची माहिती पोलीस ठाण्याकडून किंवा आरटीओकडून मागण्याचा हक्क कलम १६० जखमीला देते.

जखमी माणूस त्याच प्यालेल्या चालकाच्या कारमध्ये बसलेला असेल किंवा त्याच्या दुचाकीवर मागे बसला असेल, तर परिस्थिती बदलते. केवळ थर्ड पार्टी विमा असलेल्या खासगी वाहनातील अशा प्रवाशाला त्या विम्यातून सहसा काही मिळत नाही, सर्वंकष पॉलिसी असेल तरच मिळते. शिवाय चालक प्यालेला आहे हे दिसत असताना आपण गाडीत का बसलात, हा प्रश्न विचारला जातो आणि भरपाईतून काही हिस्सा कापला जाण्याची शक्यता राहते. दुचाकीवर तिघे बसले होते, एवढ्यावरून मात्र जखमीला दोष देता येत नाही. तिघे बसल्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे.

कागद, आणि कागदांची भाषा

भरपाईचे बहुतेक दावे पहिल्या पंधरवड्यात तयार झालेल्या कागदांवर जिंकले किंवा हरले जातात, असे माझे ठाम मत आहे. रुग्णालयात दाखल करताना केसपेपरवर लिहिला जाणारा अपघाताचा वृत्तांत यांत सर्वांत महत्त्वाचा असतो. घाईत कुणी ‘दुचाकीवरून पडून’ असे सांगितले आणि डॉक्टरांनी तसेच लिहिले, तर पुढे कंपनीचा वकील तेवढे एकच वाक्य धरून बसतो. कोणत्या वाहनाने, कुठे आणि किती वाजता धडक दिली, हे सोबत आलेल्या माणसाने शांतपणे सांगावे, आणि एमएलसीची नोंद, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी नोंद, झाली आहे याची खात्री करावी.

नंतर फिर्याद. तोंडी दिलेली माहिती लिहून घेऊन ती फिर्यादीला वाचून दाखवणे आणि एफआयआरची प्रत विनामूल्य देणे, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलिसांचे कर्तव्य आहे. कन्नडमध्ये वाचून दाखवलेला मजकूर समजत नसेल, तर त्याचा अर्थ मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. यात भाषेचा वाद नाही, स्वतःचे म्हणणे नीट नोंदवले जाण्याचा हा प्रश्न आहे. ठाण्यातील बरेच कर्मचारी मराठी समजतात आणि नम्रपणे विनंती केल्यास अर्थ सांगतात. तसे झाले नाही, तर कन्नड लिहिता-वाचता येणारे गावातले शिक्षक किंवा शाळेत कन्नड शिकलेली घरातलीच मुलगी सोबत न्यावी. तपासून घ्यायच्या गोष्टी थोड्याच आहेत: वाहनाचा क्रमांक, धडक कोणत्या बाजूने बसली, कोण कोणत्या दिशेने चालले होते, चालक प्यालेला असल्याचा उल्लेख आणि साक्षीदारांची नावे. ‘समोरासमोर धडक’ आणि ‘मागून धडक’ यांत एका शब्दाचा फरक आहे, पण त्या शब्दावर निम्मी भरपाई जाऊ शकते. चूक राहिली असेल, तर दुरुस्तीचा लेखी अर्ज लगेच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

अथणी-कागवाडकडचा जखमी मिरजेला नेला जातो, निपाणीचा कोल्हापूरला आणि चंदगडचा बेळगावला. अपघात एका राज्यात आणि उपचार दुसऱ्यात, अशी आपल्याकडची रोजची रीत आहे. आपल्या हद्दीत घडलेले नाही म्हणून ठाण्याला फिर्याद नाकारता येत नाही. ती घेऊन योग्य ठाण्याकडे पाठवावी लागते. मिरजेच्या रुग्णालयातील एमएलसी अपघात घडलेल्या ठाण्यापर्यंत पोहोचली का, हे मात्र घरच्यांनी स्वतः जाऊन पाहावे.

उपचारांच्या खर्चासाठी केंद्र सरकारची रोखविरहित उपचारांची योजना मे २०२५ पासून लागू झाली आहे. नेमलेल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, १.५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. दाखल करतानाच त्याची विचारणा करावी.

मुदत आणि ठिकाण

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा आहे. ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या आधारावर कुणीही थांबू नये. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला, म्हणजे भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायालयाला, द्यावा, असा नियम आहे आणि तो अहवालच दावा म्हणून स्वीकारता येतो. तरीही त्यावर विसंबून न राहता स्वतःचा अर्ज वेळेत दाखल करणेच शहाणपणाचे.

अर्ज कुठे करायचा, याची निवड दावेदाराकडे आहे. अपघात घडला ते ठिकाण, दावेदार राहतो किंवा व्यवसाय करतो ते ठिकाण, किंवा प्रतिवादी राहतो ते ठिकाण, यांपैकी कुठल्याही क्षेत्रातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरण चालते. कागलजवळ जखमी झालेल्या निपाणीच्या माणसाला कोल्हापूरला खेटे घालण्याची गरज नाही. तसेच बेळगावात जखमी झालेला चंदगडचा माणूस कोल्हापूर जिल्ह्यात दावा करू शकतो. पुढच्या अपिलाचाही विचार इथेच करावा: बेळगावच्या निकालावरचे अपील धारवाड खंडपीठात जाते, तर कोल्हापूरच्या निकालावरचे मुंबई उच्च न्यायालयाकडे, ज्याचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच बसते. अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे. मिरज-कोल्हापूरची मराठी कागदपत्रे बेळगावच्या न्यायालयात देताना त्यांचे भाषांतर लागू शकते, त्यासाठी वेळ राखून ठेवावा.

चालक गाडीसह पळून गेला आणि वाहनाचा पत्ताच लागला नाही, तर कलम १६१ खाली गंभीर जखमीला ५०,००० आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात. यासाठी तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी पातळीवरील चौकशी अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो.

हिशेब कसा होतो?

समजा, खानापूर तालुक्यातील ३२ वर्षांचा एक गवंडी महिना १५,००० रुपये मिळवतो आणि धडकेत त्याचा पाय मोडून कायमचा अधू झाला. डॉक्टर पायाचे अपंगत्व ४० टक्के देतील. पण न्यायाधिकरण विचारते, की यामुळे त्याची कमाई करण्याची क्षमता किती घटली? सर्वोच्च न्यायालयाने २०१० पासून हाच प्रश्न केंद्रस्थानी ठेवला आहे. समजा ती घट २० टक्के धरली. गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो वयानुसार ठरलेला आकडा, ३१ ते ३५ वयासाठी १६ आहे. ४० वर्षांखालील स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात भावी वाढीचे ४० टक्के मिळवल्यास मासिक २१,००० रुपये होतात. २१,००० गुणिले १२, गुणिले १६, त्याचे २० टक्के, म्हणजे ८,०६,४०० रुपये. भावी वाढ धरली नाही, तर हाच आकडा ५,७६,००० वर येतो. कायमच्या अपंगत्वातही भावी वाढ धरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले असले, तरी कंपनीचे वकील तिला विरोध करतातच, म्हणून मागणी आधीच अर्जात असावी. याखेरीज औषधोपचारांची बिले, पुढील शस्त्रक्रियेचा खर्च, खाटेवर पडून राहिलेल्या महिन्यांची बुडालेली मजुरी, सोबत राहणाऱ्याचा व प्रवासाचा खर्च, वेदना आणि जगण्यातील गमावलेल्या सुखांची रक्कम वेगळी मिळते, आणि एकूण रकमेवर व्याजही.

या हिशेबात दोन आकडे सगळे ठरवतात, उत्पन्न आणि अपंगत्व. उत्पन्नाचा कागद नसेल, तर कर्नाटकातील न्यायाधिकरणे राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या तक्त्यातील वर्षनिहाय अंदाजी उत्पन्न धरतात. प्रत्यक्षातील कमाई त्याहून जास्त असेल, तर तो फरक सरळ तोटा ठरतो. उद्यमबागेतील कामगाराने पगाराची आणि भविष्य निर्वाह निधीची पावती द्यावी. शेतकऱ्याने उताऱ्याबरोबर साखर कारखान्याची ऊसबिले आणि डेअरीचे दुधाचे पुस्तक द्यावे. गवंड्याने ठेकेदाराला साक्षीला आणावे. घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या श्रमांनाही मूल्य आहे आणि न्यायालये ते धरतात, म्हणून तिच्या अर्जात ‘उत्पन्न नाही’ असे कधीही लिहू देऊ नये. अपंगत्वाचा दाखला शक्यतो ज्यांनी उपचार केले त्याच डॉक्टरांकडून घ्यावा आणि त्यांची साक्ष व्हावी. दाव्यापुरत्या गाठलेल्या अनोळखी डॉक्टरच्या दाखल्यावर न्यायालयाचा विश्वास बसणे कठीण जाते.

तडजोडीचे प्रस्ताव

अपघातानंतर मालकाकडचे चार प्रतिष्ठित लोक घरी येतात, चालक गरीब आहे, लेकरेबाळे आहेत, पोलिसांत जाऊ नका, दवाखान्याचे बघतो म्हणतात आणि बाँड पेपरवर सही मागतात. गावकीचा मान ठेवण्याची आपली सवय चांगली आहे, पण इथे तिची किंमत जखमी माणूस आयुष्यभर मोजतो. फिर्याद नाही म्हणजे विम्याचा दावा लंगडा, आणि महिन्याभरानंतर मालकाने हात वर केले, की उशिरा दिलेल्या फिर्यादीवर संशय घेतला जातो. उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले आहे. मात्र उशिराचे पटणारे कारण तरी द्यावेच लागते. चालकाच्या गरिबीची काळजी वाटत असेल, तर विमा कंपनीकडून भरपाई घेतल्याने त्याचे घर सहसा मोडत नाही, हे लक्षात घ्यावे. दारूच्या प्रकरणात कंपनी नंतर वसुलीसाठी जाते ती सहसा गाडीच्या मालकाकडे.

रुग्णालयाच्या दारात भेटणाऱ्या एजंटांपासूनही दूर राहावे. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवून फी घेणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. वकील परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० वर फोन करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

विमा कंपनी स्वतःहून तडजोडीची रक्कम देऊ करते तेव्हा विशेष सावध राहावे. कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर जखमीला २.५ लाख रुपये मिळतात, परंतु ती रक्कम तडजोडीने स्वीकारली, की कलम १६६ चा दावा संपुष्टात येतो. वर दाखवलेल्या गवंड्याच्या हिशेबाशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. लोकअदालतीत मिटवलेल्या प्रकरणावर अपील करता येत नाही. लोकअदालत वाईट नाही. किरकोळ इजा असेल, हाड जुळले असेल आणि आणखी शस्त्रक्रिया बाकी नसेल, तर चार वर्षे तारखांना जाण्यापेक्षा तिथे मिटवलेले बरे. पायात सळी असेल आणि ती काढायची राहिली असेल, तर मात्र पुढील खर्चाचा डॉक्टरांचा लेखी अंदाज आणि वकिलाने कागदावर मांडलेला पूर्ण हिशेब हाती येईपर्यंत सही थांबवावी.